पाच किलोवॅटचे बेट

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात अंधार झाला. गीझर चालू होता, मुलीच्या साडीवर इस्त्री फिरत होती, विजेच्या शेगडीवर चहाचे आधण होते, आणि तेवढ्यात मी चटणीसाठी मिक्सर सुरू केला. खट् आवाज झाला आणि सगळे थंड! "काही नाही, मेन स्विच पडलाय," असे म्हणत ह्यांनी तो वर केला आणि घर पुन्हा उजळले. मला मात्र हसू आवरेना. म्हटले, "अहो, एगवर असतो तर आत्ता दंड भरावा लागला असता!"

एग हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे चिमुकले बेट. उच्चार अंड्याच्या इंग्रजी नावासारखाच. त्यामुळे आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर व्हायचे तेवढे विनोद होऊन गेले आहेत. माझी मामेबहीण ग्लासगोला असते. 2023 च्या जूनमध्ये तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, राजवाडे बघायचे की वीज?" वीज ती काय बघायची, असे मनात म्हणतच मी आगगाडीत बसले. मॅलेग बंदरापर्यंत गाडी, आणि पुढे तासा-सव्वातासाची बोट.

बेट सुमारे नऊ किलोमीटर लांब आणि पाच रुंद; वस्ती शंभराच्या थोडी वर. मुख्य भूमीवरची वीज इथवर कधी आलीच नाही. समुद्राच्या तळातून केबल टाकायची, तर एवढ्याशा वस्तीसाठी तो खर्च कोण करणार? म्हणून 2008 पर्यंत बहुतेक घरांनी आपापले डिझेलचे जनरेटर ठेवले होते. बोटीने डिझेल आणायचे, यंत्राची घरघर ऐकायची आणि निजताना ते बंद करायचे. मग काय, माणसांबरोबर फ्रिजही निजे! 1997 पर्यंत हे अख्खे बेट एका मागून एक जमीनदारांच्या मालकीचे होते. त्या वर्षी रहिवाशांनी देणग्या जमवून आणि दोन संस्थांना सोबत घेऊन बेटच विकत घेतले. जमीन आपली झाली, तेव्हा कुठे विजेचा विचार सुरू झाला.

1 फेब्रुवारी 2008 रोजी बेटाची स्वतःची वीज आली. खर्च सोळा लाख पौंडांच्या वर. त्यातला मोठा भाग युरोपीय आणि लॉटरीच्या निधीतून मिळाला. मांडणी अगदी साधी आहे. तीन ओढ्यांवर जलविद्युत यंत्रे, त्यांतले मोठे 100 किलोवॅटचे. 6 किलोवॅटच्या चार पवनचक्क्या. सौर पट्ट्या आधी 10 किलोवॅटच्या होत्या, पुढे त्या पन्नासच्या आसपास नेल्या. एकत्र कुटुंबातल्या तीन जावांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावाव्यात, तसे हे तिघांचे काम चालते. हिवाळ्यात पाऊस आणि वारा मुबलक, पण सूर्य जेमतेम तोंड दाखवतो. मे-जूनमध्ये ओढे रोडावतात, तेव्हा सूर्य रात्री दहापर्यंत हटत नाही. उरलेली वीज बॅटऱ्यांत साठते. बॅटऱ्याही भरल्या की तिने गावाचे सभागृह उबदार करतात. तिन्ही जावा एकदम रुसल्या, तर डिझेलची दोन यंत्रे अजून हाताशी आहेत. पण वर्षाच्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज पाणी, वारा आणि ऊनच देतात.

हे सगळे यंत्रांचे झाले. बघण्यासारखी गोष्ट मला सापडली ती स्वयंपाकघरात.

आम्ही ज्या वृद्ध बाईंकडे उतरलो होतो, त्यांच्या ओट्यावर एक छोटे यंत्र होते. घरात या क्षणाला किती वीज खर्च होते आहे, ते त्यावर दिसे. कपडे धुण्याचे यंत्र चालू होते, शेगडीही तापली होती. मदत करावी म्हणून मी चहाच्या पाण्याची किटली लावायला गेले, तशा बाई ओल्या हातांनी धावतच आल्या. "थांबा हं, आधी धुणे होऊ द्या!"

बेटाचा नियम असा: प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॅट, दुकान-व्यवसायाला 10. हद्द ओलांडली की त्या घराची वीज बंद. मग देखभालीचा माणूस बोलवायचा. त्यासाठी वीस पौंड दंडही ठेवला होता. देखभाल करणारी माणसे बेटावरचीच, शिकून तयार झालेली.

मी ओशाळून विचारले, "जास्त पैसे भरून जास्त वीज मिळत नाही का?"

"नाही. मोठे घर बांधले तरी पाचच," बाई म्हणाल्या. "मी जास्त ओढली तर ती दुसऱ्या कुणाची तरी कमी होणार. आणि तो दुसरा मला रोज वाटेत भेटतो."

हे बघायला लांबलांबची माणसे येतात. आफ्रिकेतल्या मलावीतूनही येऊन गेली आहेत. पवनचक्की काय, कुठेही दिसते. पण हद्द सर्वांनी मिळून ठरवायची आणि सर्वांनी सारखी पाळायची, हे चालताना दिसावे लागते.

परतीच्या बोटीवर बहीण गप्प होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ताई, बाबा आत्ता शेतात असतील गं."

मी घड्याळ पाहिले. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावी तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मामांच्या पंपाला त्या आठवड्यात वीज रात्रीची होती. सत्तरी उलटलेला माणूस एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन सापकिरडाच्या भयात उसाला पाणी देत होता. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगाव छोटे सौर प्रकल्प उभारण्याची योजना राज्यात 2017 साली सुरू झाली आणि 2023 साली ती वाढवण्यात आली. पण मामांच्या गावची पाळी तेव्हा आली नव्हती. आणि पुण्यात आमच्या घरी? वीज कुठून येते, कुणाच्या वाटणीची येते, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

नरकचतुर्दशीच्या त्या पहाटे मी हिशेब मांडला. गीझर 2, शेगडी 2, इस्त्री 1, मिक्सर पाऊण. पावणेसहा! फराळ झाल्यावर मुलीने कागदावर ठळक '5' लिहून तो मेन स्विचशेजारी चिकटवला. तो अजून आहे. इस्त्री आता आदल्या दिवशी होते आणि कुणाचे काही अडत नाही.

दुपारी मामांना दिवाळीचा नमस्कार करायला फोन केला, तेव्हा एगची सारी हकीकत सांगितली. मामांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एकच विचारले, "सगळ्यांना सारखी? आणि दिवसासुद्धा?"

"हो मामा, दिवसासुद्धा."

"मग पाच पुष्कळ झाली की गं!" मामा म्हणाले.