हिरवा ठिपका आणि पायची पारी

पाकिटावर हिरवा ठिपका आणि ‘एगलेस’ हा शब्द दिसला की पदार्थ व्हीगन (पूर्णपणे वनस्पतीजन्य) आहे, असे अनेकांना वाटते. हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो. त्यात दूध, लोणी, तूप चालते. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनुसार वेगळे चिन्ह आहे.

घरी व्हीगन अ‍ॅपल पाय करायचा असेल, तर पारीला मुळात अंडे लागतच नाही. वरून चकाकीसाठी लावतात, तिथे सोयाबीनचे दूध पुरते. खरा प्रश्न लोण्याचा. पण लोण्याशिवाय पापुद्रे सुटत नाहीत, हाही गैरसमजच. करंजीतला साटा जसा पारीचे थर एकमेकांना चिकटू देत नाही, तसेच इथे घट्ट स्निग्धाचे कण करतात. ओव्हनमध्ये ते वितळतात आणि पाण्याची वाफ थर फुलवते. हे काम घट्टपणाचे आहे, दुधाचे नव्हे.

खाण्याचे खोबरेल साधारण २४ अंशांना वितळते. पनवेलजवळच्या शिरढोणसारख्या गावात ते बहुतेक वर्षभर पातळच असते. तसेच ओतले तर पारी बिस्किटासारखी भुसभुशीत होते. म्हणून १०० ग्रॅम खोबरेल फ्रीजमध्ये गोठवून २०० ग्रॅम मैद्यात किसावे. चार-पाच चमचे गार पाण्याने गोळा जेमतेम बांधावा. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. त्याने ग्लुटेन (मैद्यातले चिवट प्रथिन) ताणले जाऊन पारी कडक होते. लाटण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. सारणात सफरचंद, साखर, लिंबू, दालचिनी.

खोबरेलाऐवजी मार्जरीन घेणार असाल, तर घटकांची यादी वाचा. काहींत दुधाचे घन पदार्थ असतात.