अस्खलित वाचन आणि हुकलेला अर्थ

शाळेच्या व्यवहारात ‘वाचता येते’ एवढ्या दोन शब्दांत दोन निरनिराळ्या क्षमता एकत्र बांधल्या जातात. छापील अक्षरांवरून शब्द ओळखून त्यांचा उच्चार करणे ही पहिली, आणि त्या शब्दांतून जे सांगितले आहे ते मनात उभे करणे ही दुसरी. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली या दोहोंचे नाते गुणाकाराच्या रूपात मांडले. लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता म्हणजे वाचनाचे आकलन, असे त्यांचे सूत्र होते. बेरजेऐवजी गुणाकार घेण्याचे कारण उघड आहे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी फळ शून्यच येते.

मराठी शाळांना हे सूत्र एका विशेष कारणाने लागू पडते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा संबंध बराचसा सरळ असल्यामुळे बाराखडी, जोडाक्षरे आणि रफार यांचा सराव झालेले मूल कधी न ऐकलेला शब्दही बऱ्यापैकी बिनचूक उच्चारते. ‘सांद्रीभवन’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात प्रथमच दिसला तरी तो वाचताना ते फारसे अडखळत नाही. लिपीची ही मोठीच सोय आहे, परंतु तिच्यामुळेच न कळलेले झाकले जाते, कारण वर्गातील प्रकटवाचन ऐकणाऱ्या शिक्षकाला अर्थाचा धागा कोठे तुटला हे केवळ आवाजावरून कळण्याची शक्यता थोडीच असते.

धड्याखालचे प्रश्न तरी ही उणीव उघड करतील, असे वाटणे साहजिक आहे. ‘टमकूने चिवळ्या खोंडाळ्यात भिरूट गमकले’ हे निव्वळ निरर्थक वाक्य मात्र या बाबतीत उद्बोधक ठरते. टमकूने भिरूट कोठे गमकले, असे विचारल्यास मराठी जाणणारे कोणतेही मूल ‘चिवळ्या खोंडाळ्यात’ असे पूर्ण गुणांचे उत्तर देईल, कारण विभक्तीचे प्रत्यय त्याला वाट दाखवतात आणि अर्थाची गरजच पडत नाही. एका वाक्यात उत्तरे, रिकाम्या जागा आणि आकृत्या पूर्ण करण्याच्या कृती यांपैकी पुष्कळ प्रश्न याच जातीचे असतात. उरलेल्या प्रश्नांसाठी, ‘स्वमत’ म्हणून जे विचारले जाते त्यासाठीसुद्धा, गाईडातील तयार उत्तरे हाताशी असतात. स्वमत पाठ करण्याचा हा प्रकार विनोदी वाटला तरी परीक्षेच्या दृष्टीने तो पुरेसा व्यवहारी आहे.

आकलन तपासले जाते, शिकवले जात नाही, ही तक्रार केवळ इथली नाही. डोलोरेस डर्किन यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतील चौथीच्या वर्गांमध्ये बसून वाचनाच्या अध्यापनाची ४,४६९ मिनिटे नोंदवली, तेव्हा त्यांपैकी जेमतेम २० मिनिटे आकलन शिकवण्यात गेलेली आढळली. बाकीचा बराचसा वेळ प्रश्न विचारणे, उत्तरे तपासणे आणि स्वाध्याय सोपवणे यांत गेला होता. भारतात पहिल्या क्षमतेचाच प्रश्न अजून सुटलेला नाही. ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालानुसार सरकारी शाळांतील पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही चाचणी मुख्यत्वे मजकूर सफाईने वाचण्याची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे समजून वाचणाऱ्यांचे प्रमाण त्याहून कमीच असणार, असा तर्क करावा लागतो. जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने आपल्या नावातच ‘समजपूर्वक वाचन’ गुंफले, ही म्हणूनच स्वागतार्ह गोष्ट होय.

आकलन कशाने घडते, या प्रश्नाचे सर्वांत दुर्लक्षित उत्तर विषयज्ञान हे आहे. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळाच्या काही भागाचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात कच्ची ठरलेली पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्क्या पण त्या खेळापासून अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. मराठी वाचकाला यासाठी बेसबॉलची आवश्यकता नाही. ‘संध्याकाळी दव पडणार हे ओळखून कर्णधाराने नाणेफेक जिंकताच क्षेत्ररक्षण घेतले’ या वाक्यातील ‘ओळखून’चे मर्म क्रिकेट पाहणाऱ्या मुलाला क्षणात कळते, आणि ज्याला ओला चेंडू पकडणे गोलंदाजाला किती अवघड जाते हे ठाऊक नाही, त्याला सगळे शब्द परिचित असूनही वाक्य बंदच राहते. वाचन हे एकदा कमावले की कोणत्याही मजकुरावर सारखेच चालणारे कौशल्य आहे, ही समजूत यामुळे डळमळते; परिसर अभ्यास, इतिहास आणि विज्ञान यांचे तास कापून भाषेचा सराव वाढवणारी शाळा आकलनाचीच मुळे तोडत असते.

दुसरा आधार भाषेचा. ज्या घरांत वारली, कोरकू, भिली किंवा गोंडी बोलली जाते तेथील मुलांना पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी जवळजवळ नवी भाषा म्हणून भेटते, आणि मराठीची रचना तिच्या भाषकांना वाटते तितकी सोपी नाही. देऊळ ओळखणाऱ्या मुलाला ‘देवळात’ म्हणजे त्याच देवळाची गोष्ट आहे हे आपोआप उमगेलच असे नाही, कारण प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, म्हणजे त्याचे मूळ रूपच बदलते. सर्वनामेही फसवतात. ‘राजाने प्रधानाला बोलावले, तो आजारी असल्याचे त्याला ठाऊक नव्हते’ या वाक्यात आजारी कोण आणि ठाऊक कोणाला नव्हते, हे वर्गात मोठ्याने विचारले तर दोन्ही बाजूंनी वाद होतो, आणि तो होऊ द्यावा, कारण त्या वादातच मुले पुढेमागे पाहून अर्थ पक्का करायला शिकतात. शिक्षकाने रोज काही वेळ मुलांच्या स्वतःच्या वाचनपातळीपेक्षा वरचे काहीतरी मोठ्याने वाचून दाखवणे हा याच भाषिक उणिवेवरचा उपाय आहे. तो केवळ बालवाडीपुरता मानला जातो, हे दुर्दैव.

ज्ञान आणि भाषा असूनही आपल्याला कळत नाही हेच मुलाच्या लक्षात न येणे, हा आणखी एक अडथळा असतो. एलेन मार्कमन यांनी १९७९च्या अभ्यासात मुलांसमोर असे परिच्छेद ठेवले की त्यांत समुद्रतळाशी अजिबात प्रकाश नसल्याचे सांगितलेले असे आणि तेथील मासे आपले भक्ष्य रंगावरून ओळखतात असेही. मोठ्या इयत्तांतील अनेक मुलांनाही ती विसंगती खटकली नाही. स्वतःच्या समजुतीवर असे लक्ष ठेवण्याला आकलनाचे आत्मनिरीक्षण म्हणता येईल, आणि ते शिकवता येते.

अ‍ॅनमरी पॅलिन्क्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेली परस्पर-अध्यापनाची पद्धत यासाठीच आहे. तीत लहान गटात एकेक परिच्छेद वाचून सारांश सांगणे, प्रश्न तयार करणे, अडलेले स्पष्ट करून घेणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे ही चार कामे केली जातात. आरंभी शिक्षक आपला विचार मोठ्याने बोलून दाखवतो, आणि मग हळूहळू गटाचे नेतृत्व मुलांकडे सोपवतो. ‘सुमनने छत्री झटकून दारामागे ठेवली’ या वाक्यावर छत्री कोठे ठेवली असे विचारणारे मूल अजून ओळीवर बोट ठेवून आहे, तर बाहेर हवा कशी असेल असे विचारणारे अनुमानापर्यंत, म्हणजे न लिहिलेला अर्थ लिहिलेल्यावरून काढण्यापर्यंत, पोहोचलेले आहे. शिक्षकाला हा फरक कोणत्याही चाचणीपेक्षा मुलांनी बनवलेल्या प्रश्नांतूनच लवकर दिसतो. ही चारही कामे वहीत चार रकाने आखून प्रत्येकी दोन गुणांना बांधली गेली, तर त्यांचेही गाईड निघेल.

या रीतीने शिकवलेला धडा दुप्पट तासिका खातो, त्यामुळे पोर्शन संपवण्याच्या घाईत सर्वच धडे असे घेणे शक्य नाही. सत्रात तीन-चार धडे निवडून ते सावकाश घेतले तरी चालते. अपठित उताऱ्यांकडेही थोडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. अनोळखी मजकूर असल्यामुळे तो शुद्ध आकलन मोजतो असे मानले जाते. प्रत्यक्षात मिठागरांवरील उताऱ्यात कमी गुण मिळवणाऱ्या विदर्भातील मुलीला आणखी दहा उतारे सोडवायला देण्यापेक्षा खाडीचे पाणी, भरती-ओहोटी आणि उन्हात मागे उरणारे मीठ यांविषयी तासभर सांगणे अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे, आणि कोकणातील मुलाच्या बाबतीत हेच कापसाच्या उताऱ्याविषयी म्हणता येईल.