वादळाच्या वाटेवर – भाग ४ : आधी मांजर हाताशी हवं

२६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. मराठवाड्यातलं आपलं सिल्लोड तिथून सुमारे ९०० किलोमीटर लांब. वाऱ्याचा जोर जमिनीवर येताच ओसरत गेला, पण वादळाने समुद्रावरून ओढून आणलेली वाफ दोन दिवसांत मराठवाड्यावर कोसळली. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. २८ तारखेला उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी वाहत असताना पुढे गेलेली एसटी बस वाहून गेली आणि त्यात माणसं दगावली. हेच वादळ पुढे अरबी समुद्रात उतरलं, ‘शाहीन’ नावाने पुन्हा उभं राहिलं आणि ओमानवर जाऊन धडकलं.

समुद्र लांब आहे म्हणून सिल्लोडकरांनी चक्रीवादळाची बातमी ऐकून सोडून देऊ नये, ते यासाठी. इथे वादळ येतं ते पावसाच्या रूपाने, आणि येण्याआधी दीड-दोन दिवसांचा अवधी देतं. किनाऱ्याच्या मानाने हा अवधी मोठा आहे. तो वापरायचा कशासाठी? बी-बियाणं, कागदपत्रं, जनावरं हे सगळ्यांच्या ध्यानात असतं. मांजर मात्र शेवटच्या घटकेला आठवतं.

मका-कापसाच्या या तालुक्यात धान्याची पोती आणि उंदीर यांच्यामध्ये मांजरच उभं असतं. तरी गाय, बैल, शेळी, कोंबडी यांच्या नुकसानीला सरकारी मदत मिळते, मांजराला नाही. मोल नाही म्हणून जीव कमी नाही, हे ज्या घरात मनी पोरांच्या पांघरुणात झोपते त्या घराला सांगावं लागत नाही. धोका नेमका तिथेच असतो. सगळे बाहेर पडतात आणि कुणीतरी मनीसाठी पुन्हा आत धावतं.

अमेरिकेत २००५ च्या ‘कॅटरिना’ वादळात हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. निवाऱ्यात पाळीव प्राण्यांना घेत नव्हते, म्हणून कित्येकांनी पाणी चढत असतानाही घर सोडलं नाही. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला. लोकांना हलवण्याच्या आराखड्यात त्यांच्या पाळीव प्राण्यांचीही सोय धरणं त्याने बंधनकारक केलं. आपल्याकडे गावाने ज्या शाळेत किंवा समाजमंदिरात आसरा ठरवला असेल, तिथे एक कोपरा किंवा व्हरांडा मांजरांसाठी मिळेल का, हे सरपंचांना आणि तलाठ्यांना आधीच विचारून ठेवायला हवं.

घाबरलेलं मांजर हाकेला येत नाही. ते माळ्यावर, पोत्यांच्या मागे किंवा पत्र्याखालच्या सांदीत शिरतं आणि तिथून हलत नाही. म्हणून हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की, आभाळ उघडं असलं तरी, त्याला सवयीचं खाणं दाखवून एका खोलीत घ्यावं आणि दार लावावं. न्यायला महागडा पिंजराच हवा असं नाही. भाजीचे प्लॅस्टिकचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने पक्के बांधले की काम भागतं. हवा खेळते आणि मांजराला बाहेरचंही दिसतं. आत त्याच्या वासाचं जुनं गोधडीचं फडकं घालावं. क्रेट दोन दिवस आधीच घरात उघडा ठेवला तर मांजर आपणहून त्यात जाऊन बसतं. पोत्यात कोंबून नेण्याची पद्धत मात्र सोडूनच द्यायला हवी. जीव गुदमरतो आणि सुटण्याच्या धडपडीत नेणाऱ्याचे हात फाटतात.

मांजर चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लस तिथे मिळते. घरच्याच मांजराचं काय म्हणून हे टाळू नये.

आणि मांजर सापडलंच नाही तर? मग वरच्या बाजूचं एक दार किंवा खिडकी उघडी ठेवावी, उंचावर पाणी आणि खाणं ठेवावं आणि माणसांनी निघावं. मांजर भिंतीवर, झाडावर, माळवदावर चढू शकतं. कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात त्याला शोधत फिरणारा माणूस तसा वाचू शकत नाही. सोडून जाण्याचा हा निर्णय जिवावर येतो. म्हणूनच आदल्या दिवशीचं ते बंद दार इतकं मोलाचं. अडकलेल्या माणसांसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातल्या पोरांनाही पाठ असावा.

पाणी ओसरल्यावर मांजराला लगेच मोकळं सोडू नये. ओळखीचे वास धुऊन गेलेले असतात, त्यामुळे घराची वाट चुकते. चार-सहा दिवस आतच ठेवलेलं बरं. बिळांत पाणी शिरल्याने साप आणि उंदीर कोरड्या जागा शोधत घरात येतात. मांजर एखाद्या कोपऱ्याकडे एकटक बघत फिस्कारत असेल तर तिथे हात घालू नये. उंदरांच्या मुतामुळे साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा संसर्ग होतो, तेव्हा पायाला जखम असेल तर अनवाणी चिखल तुडवू नये. पुरानंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात फिरल्याचं आवर्जून सांगावं. मांजर खाईनासं झालं किंवा मलूल पडलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं.

पुढच्या आठवड्यात : दावणीला बांधलेली जनावरं, आणि दावं नेमकं कधी सोडायचं.