विश्लेषण : काळ्या मोहऱ्या, ‘कॅटलन’ ओपनिंग आणि दिव्या देशमुखचा विश्वचषक

जॉर्जियातील बाटुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या १९ वर्षीय दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकरमध्ये हरवून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. दोन पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते. पहिल्या जलद डावातही ‘पेट्रॉफ’ बचावापुढे दिव्याला काही साधता आले नाही. दुसरा जलद डाव तिने जिंकला, आणि तोही काळ्या मोहऱ्यांनी.

पहिली चाल पांढऱ्याची असल्याने टायब्रेकरमध्ये काळ्या मोहऱ्या घेणारा बहुतेक वेळा बरोबरीवरच समाधान मानतो. त्यातच हम्पीने निवडले ‘कॅटलन’ ओपनिंग.

‘कॅटलन’ म्हणजे काय?

पांढरा वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो, शेजारी सी४ वर दुसरे प्यादे आणतो आणि मग जी३ खेळून राजाकडचा उंट जी२ वर बसवतो. हा उंट तिथून तिरक्या रेषेत थेट पटाच्या मध्यावर, डी५ घरावर नजर ठेवतो. १९२९ च्या बार्सिलोना स्पर्धेत तार्ताकोव्हर यांनी हे ओपनिंग खेळले; कॅटलोनिया प्रांतावरून त्याला नाव मिळाले.

काळ्यापुढे दोन वाटा असतात. सी४ वरचे प्यादे मारायचे, किंवा डी५ वरचे आपले प्यादे घट्ट धरून बसायचे. दिव्याने दुसरी, ‘बंद’ वाट धरली. यात काळ्याची जागा आखडते, पण उंटाच्या तोंडासमोर भिंत उभी राहते. कंटाळवाणी वाटली तरी हम्पीसारख्या अनुभवी खेळाडूसमोर ही निवड शहाणपणाची होती.

डाव कुठे फिरला?

सुरुवातीला पांढऱ्याची स्थिती किंचित बरी होती. ४० व्या चालीला हम्पीने प्याद्याचा बळी दिला आणि पारडे दिव्याकडे झुकले. तरी डाव लगेच संपला नाही. दोघींच्याही हातून संधी निसटल्या. जलद डावात १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंदांची भर मिळते. शेवटी घड्याळाच्या दडपणाखाली हम्पी चुकली. अंतिम निकाल २.५-१.५.

एरवी ग्रँडमास्टर किताबासाठी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागते. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. विश्वचषक विजेतीला हा किताब थेट मिळतो, त्यामुळे ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. पुढच्या कँडिडेट्स स्पर्धेचे तिकीट मात्र दोघींनीही अंतिम फेरी गाठतानाच मिळवले होते.