टाकीतला ऊस

उसाच्या वाटा आपल्याकडे अनेक. तो गुऱ्हाळात जातो, कारखान्याच्या गव्हाणीत जातो, तुळशीच्या लग्नात मांडव होऊन उभा राहतो आणि संक्रांतीच्या सुगडातही जाऊन बसतो. आता त्याने आणखी एक वाट धरली आहे. तो तुमच्या-आमच्या स्कूटरच्या टाकीत येऊन पोहोचला आहे. मळीपासून, उसाच्या रसापासून आणि अलीकडे मका-तांदळापासूनही इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, तयार होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते.

कल्पना नवी नाही. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठी आपल्याकडे १९४८ सालीच कायदा झाला होता. तो २००० साली रद्द झाला. पुढे २००१ मध्ये जे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतले दोन आपल्याच राज्यात, मिरज आणि मनमाड येथे होते. जानेवारी २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. मग गाडी बरीच रेंगाळली. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि २०२५ मध्ये ते देशभर पसरले. शून्याचे दहा व्हायला जवळजवळ वीस वर्षे लागली आणि दहाचे वीस जेमतेम तीन वर्षांत झाले. खरी मेख इथे आहे. तीन वर्षांत धोरण बदलता येते. मध्यमवर्गीय माणसाची स्कूटर तीन वर्षांत बदलत नाही.

इथेनॉलला सरसकट नावे ठेवायला मात्र माझी जीभ रेटत नाही. बँकेतली बरीच वर्षे मी उसाच्या पट्ट्यातल्या शाखांमध्ये काढली. ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळावेत, असा नियम १९६६ पासून आहे. त्या चौदा दिवसांचे कित्येक महिने झालेले मी पाहिले आहेत. पीककर्ज थकलेले, मुलीच्या लग्नाची तारीख उसाच्या बिलावर अडकलेली, अशी माणसे काउंटरसमोर खाली मान घालून उभी राहत. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे मात्र लवकर हातात येतात. त्यातून शेतकऱ्याचे देणे वेळेवर भागत असेल, परकीय चलन वाचत असेल, धुरातला विषारी वायू कमी होत असेल, तर ही जमेची बाजू मोठीच आहे. पण खतावणीला नावेची बाजूही असते, आणि तिच्याबद्दल आपल्याशी मोकळेपणी कोणी बोलत नाही.

पहिली नोंद ॲव्हरेजची. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात हे आकडे स्पष्ट दिले आहेत. जुन्या पद्धतीच्या चारचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असे तो अहवाल सांगतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर महिन्याला ६०० किलोमीटर चालवली, तर सुमारे अर्धा लिटर पेट्रोल जास्त लागेल. हे काही दिवाळे निघण्याजोगे नाही. पण ही घट लक्षात घेऊन असे पेट्रोल स्वस्त असावे, असेही त्याच अहवालाने सुचवले होते. ॲव्हरेज कमी झाले, भाव मात्र उतरला नाही.

दुसरी नोंद अधिक गंभीर आहे, आणि ती लहान इंजिनांची आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडे पाणी ते स्वतःत विरघळवून घेते. मर्यादेपलीकडे गेले की पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याला घेऊन तळाशी बसते. टाकीतून इंजिनाकडे जाणारी वाट तळाजवळच असते. मग इंजिनाला पेट्रोलऐवजी हे पाणीदार मद्यार्क मिळते आणि आपण किक मारून मारून घामाघूम होतो. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. लोखंडी टाकीला आतून गंज धरतो. वर्षानुवर्षांचा साका सुटतो आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये जाऊन अडकतो.

त्यातच इथेनॉलमध्ये वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक प्राणवायू असतो. नवी इंजेक्शनची गाडी हे ओळखून पेट्रोल आपोआप वाढवते. कार्ब्युरेटरच्या जेटला ही अक्कल नाही. हवा जास्त, इंधन कमी, असे मिश्रण जळते आणि इंजिन अधिक तापते. आपल्याकडच्या दुचाकी सरसकट इंजेक्शनच्या झाल्या त्या एप्रिल २०२० नंतर. त्याआधीच्या असंख्य गाड्या आजही मुलांना शाळेत सोडत आहेत.

आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने मला एका वाक्यात सारे समजावले. “काका, हे पेट्रोल वाईट नाही. ते पडून राहिलं की वाईट.” म्हणजे रोज पळणाऱ्या गाडीला त्रास कमी, महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाडीला, जनरेटरला, ग्रास कटरला आणि फवारणीच्या पंपाला तो जास्त. माझ्या एका जुन्या खातेदाराचा पंप हंगामाच्या तोंडावरच बंद पडला. दुरुस्तीत दोन दिवस गेले, तोवर रोगाने निम्मा भाजीपाला धरला. फोनवर तो हसत म्हणाला, “साहेब, ऊस पण माझाच, आणि पंपात अडकला तो पण माझाच!” त्याच्या हसण्यात जमा आणि नावे, दोन्ही बाजू आल्या.

या बाबतीत घबराट पसरवणारेही पुष्कळ आहेत. इंजिन जळून जाईल वगैरे बोलण्यात अर्थ नाही. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग २० टक्क्यांना सोसणारे आहेत. जुन्या काही गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, असे खुद्द पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले. हा खर्च किरकोळ आहे, असेही सांगितले. किरकोळ कोणाला, हा प्रश्न उरतोच. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला आणि दिवसाच्या कमाईवर घर चालवणाऱ्याला गाडी दोन दिवस गॅरेजात राहणे किरकोळ नसते.

घरच्या घरी काळजी घेता येते. ग्रास कटर किंवा पंप हंगामानंतर ठेवताना टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. ऑइल मिसळलेले पेट्रोल महिनोन्‌महिने कॅनमध्ये साठवू नये. पावसाळ्यात स्कूटरची टाकी अर्धीमुर्धी ठेवण्यापेक्षा भरलेली बरी आणि झाकणाचा रबर शाबूत हवा. पेट्रोलची नळी चिरलेली किंवा चिकट झालेली दिसली, तर लगेच बदलावी. तिथे काटकसर करणे म्हणजे आगीला आमंत्रण.

पण सारी काळजी ग्राहकानेच का घ्यावी? अमेरिकेत १५ टक्के मिश्रणाच्या पंपावर मोटरसायकल, बोट आणि गवत कापण्याच्या यंत्रात हे वापरू नये, अशी सूचना चिकटवलेली असते. ब्राझीलने १९७५ मध्ये मद्यार्काची मोहीम हाती घेतली, आणि २००३ पासून तिथे कोणत्याही प्रमाणातल्या मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. कोर्टाचा दरवाजा बंद झाला तरी साधी मागणी उरतेच. पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक मराठीत लिहावे, जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाची एखादी तरी नळी ठेवावी, आणि ॲव्हरेजमधली घट भावात वळती करावी.

बँकेत आम्ही कर्जदाराच्या सहीआधी त्याला अटी वाचून दाखवत असू. त्याने ऐकून सही केली की व्यवहार सरळ होई. इथेनॉलचा व्यवहार देशाच्या फायद्याचा असेलही. पण ज्याच्या टाकीत तो रोज ओतला जातो, त्याला अटी वाचून दाखवणे अजून बाकी आहे.