अर्ध्या सेकंदाचा माग

आंद्रेस फ्रॉइंड हा काही सुरक्षातज्ज्ञ नव्हे. पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसवर वर्षानुवर्षं काम करणारा, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असलेला हा प्रोग्रामर. मार्च २०२४ मध्ये तो डेटाबेसच्या वेगाची बारीक मोजणी करत होता. अशा मोजणीच्या वेळी संगणक शांत असावा लागतो. मागे दुसरं काही चालू असलं, की आकडे डळमळतात. म्हणून कोण गडबड करतंय हे तो बघत होता, आणि त्याला एसएसएचडी दिसला. हा प्रोग्राम प्रोसेसर खात होता, आणि जरा जास्तच खात होता.

लिनक्स शिकणाऱ्याची एसएसएचशी ओळख फार लवकर होते. सर्व्हरला बहुधा पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. आमच्या अहेरीसारख्या दूरच्या गावात बसून मुंबईच्या डेटा सेंटरमधली मशीन सांभाळायची, तर आत जायला एसएसएच हे एकच दार. त्या दारावर एसएसएचडी बसलेला असतो. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही मशीनचा लॉग उघडून बघा: रूट, ॲडमिन, टेस्ट अशी नावं लावून जगभरातले अनोळखी प्रोग्राम रात्रंदिवस धडका देत असतात. नाव चुकीचं, पासवर्ड चुकीचा, की त्यांना तिथूनच परत पाठवायचं. या कामाला काडीचीही मेहनत पडू नये.

फ्रॉइंडच्या मशीनवर मात्र पडत होती. त्याने वेळ मोजून पाहिली. अस्तित्वातच नसलेल्या नावाने लॉगिन करायला आधी ०.२९९ सेकंद लागत होते, आता ०.८०७ लागले. अर्ध्या सेकंदाचा फरक.

हा अर्धा सेकंद अहेरीत कुणाच्या नजरेला आला असता का, हा प्रश्न मला सोडत नाही. आमच्याकडे उशिराला कारण तयारच असतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथे केबल आणि टॉवरचं काय घेऊन बसलात! लॉगिन अडकलं, की आपण 'नेट स्लो आहे' म्हणतो आणि चहा प्यायला उठतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण लिनक्स सांभाळायला शिकणाऱ्याने एक गोष्ट पक्की करून ठेवावी. नेट मंद असेल तर प्रोग्राम नुसता वाट बघत बसतो, आणि वाट बघणारा प्रोग्राम प्रोसेसर खात नाही. 'टॉप' हा हुकूम दिला, की कोण बसून आहे आणि कोण राबतंय ते समोर दिसतं. इथे एसएसएचडी राबत होता. म्हणजे तो काहीतरी करत होता. काय करत होता?

फ्रॉइंडने 'पर्फ' हे साधन लावलं. प्रोसेसरचा वेळ कुठल्या कोडमध्ये जातोय, हे ते दाखवतं. उत्तर आलं: लिबएलझेडएमए. ही फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रकल्पाची लायब्ररी. आणखी विचित्र म्हणजे, त्या लायब्ररीतल्या नेमक्या कुठल्या फंक्शनमध्ये वेळ जातोय, त्याचं नावच पर्फला सापडेना. लॉगिन तपासणाऱ्या प्रोग्रामला फायली दाबण्याची लायब्ररी हवी कशाला? मूळ ओपनएसएसएचला ती लागतच नाही. डेबियन आणि फेडोरासारख्या लिनक्स वितरणांनी, सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीला निरोप देण्याची सोय म्हणून एक जोड दिली होती. त्या जोडीबरोबर लिबसिस्टिमडी आली आणि तिच्या मागोमाग लिबएलझेडएमए. दाराशी कसलाच संबंध नसलेली वस्तू अशी दारापर्यंत पोचली होती.

आता त्याला आणखी एक गोष्ट आठवली. काही आठवड्यांपूर्वी, पॅकेजं अद्ययावत केल्यानंतर, पोस्टग्रेसच्या आपोआप होणाऱ्या चाचण्यांमध्ये व्हॅलग्रिंडने एक चमत्कारिक तक्रार नोंदवली होती. व्हॅलग्रिंड म्हणजे प्रोग्राम मेमरीत नको तिथे हात घालतोय का, हे पकडणारं साधन. तेव्हा ती तक्रार बाजूला राहिली होती. या दोन गोष्टी एका माणसाच्या डोक्यात शेजारी आल्या नसत्या, तर पुढचं काही घडलं नसतं.

आधी त्याला वाटलं, डेबियनच्या पॅकेजमध्येच कुणीतरी घुसलंय. खोदत गेल्यावर कळलं, की घाण उगमापाशीच आहे.

एक्सझेडचा कोड सगळ्यांसाठी खुला होता, पण युक्ती अशी होती की गिटच्या भांडारात बघणाऱ्याला ती पुरती दिसू नये. प्रकाशनासाठी बांधलेल्या गाठोड्यात, म्हणजे टारबॉलमध्ये, बिल्डच्या एका फायलीत जास्तीच्या ओळी होत्या, आणि त्या भांडारात नव्हत्या. बांधणी सुरू झाली, की त्या ओळी चाचणीसाठी ठेवलेल्या दोन फायली उघडत. त्यातली एक तर मुद्दाम बिघडवलेली फाइल म्हणूनच ठेवलेली होती. फायली दाबणाऱ्या प्रकल्पात अशी बिघडलेली फाइल असणं स्वाभाविक. तिच्यात कोण डोकावणार? या दोन फायलींमधून खरा कोड बाहेर यायचा. तो एसएसएचडीमधल्या सही तपासणाऱ्या फंक्शनची जागा घ्यायचा. ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली असेल, त्याला त्या मशीनवर वाटेल तो हुकूम चालवता आला असता, पासवर्डशिवाय. फेब्रुवारीत केलेल्या एका बदलात तर एका ओळीत फक्त एक टिंब घातलं होतं. त्या टिंबामुळे चाचणीचा तुकडा कंपाइल होईना, आणि सुरक्षेची एक कुंपणवजा सोय गुपचूप बंद राहिली. एक टिंब! स्क्रीनवर धूळ बसलीय की काय, असं वाटावं इतकं.

हे सगळं करणाऱ्याने 'जिया टॅन' हे नाव लावलं होतं. गिटहबवर हे खातं २०२१ मध्ये उघडलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने पहिली, निरुपद्रवी दुरुस्ती पाठवली. एक्सझेड सांभाळत होता फिनलंडचा लासे कॉलिन, एकटा, बिनपगारी, फावल्या वेळात. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे धोशा लावला: काम मंद चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी हाताशी घ्या. ती नावं बनावट असावीत, असं आता मानलं जातं. आपली मानसिक प्रकृती बऱ्याच काळापासून ठीक नाही आणि हे काम आपण हौसेखातर करतो, हे कॉलिनने तेव्हा मोकळेपणाने सांगितलं होतं. मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त संताप येतो तो इथे. कोडमधली फट नंतर शोधली गेली. आधी हेरली गेली ती थकलेल्या माणसाची गरज. अडीच वर्षं मन लावून, खरंखुरं उपयोगी काम करून जिया टॅनने विश्वास कमावला. मग २४ फेब्रुवारी २०२४ ला ५.६.० ही विषारी आवृत्ती आली. ९ मार्चला ५.६.१ आली, तिने व्हॅलग्रिंडच्या तक्रारी दाबून टाकल्या.

फ्रॉइंडने आधी डेबियनच्या सुरक्षापथकाला आणि इतर वितरणांना कळवलं, आणि २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, सगळा तपास जाहीर केला. रेड हॅटने या दोषाला दहापैकी दहा तीव्रता दिली. डेबियनच्या चाचणी शाखा, फेडोरा ४० ची बीटा, ओपनसुसे टंबलवीड आणि काली यांनी घाईने जुनी आवृत्ती परत आणली. उबंटूने आपली बीटा पुढे ढकलून पॅकेजं पुन्हा बांधली. यातल्या फेडोराच्या मराठीकरणाचं काम पुण्यातल्या रेड हॅटच्या कचेरीत होत आलेलं आहे, आणि लिनक्सवर कितीएक वर्षं देवनागरी दाखवणारा लोहित फॉन्टही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचा. ही व्यवस्था परक्या लोकांची नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

जिया टॅन कोण, एक माणूस की टोळी, हे आजही उघड झालेलं नाही. त्या नावाचा वावर २९ मार्चनंतर थांबला. लासे कॉलिन मात्र परत आला, एकेक बदल तपासत बसला, आणि मे २०२४ अखेर त्याने ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती काढली.

आमच्याकडे जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ घालून शिकणारी पोरं कुरकुरतात, की यात सगळं जुनंच मिळतं. त्या मशीनवर एक्सझेडची आवृत्ती विचारली, की ५.४.१ असं उत्तर येतं. जानेवारी २०२३ मधली ही आवृत्ती. कॉलिनने स्वतःच्या हाताने बांधलेली, प्रकाशनाचं काम जिया टॅनकडे जाण्याआधीची शेवटची. पुढची ५.४.२ जिया टॅनने काढली होती.