हात आंखडून केलेलें विद्यादान

विद्यादान हें सर्व दानांत श्रेष्ठ, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु धान्याचें किंवा द्रव्याचें दान आणि विद्येचें दान यांत एक मोठा भेद आहे, तो सहसा लक्षांत येत नाहीं. पसाभर धान्य दिलें म्हणजे तें घेणाराच्या पदरांत पडतेंच. विद्येचें तसें नाहीं. देणाऱ्यानें ती कितीही उदारपणें दिली, तरी घेणारानें स्वतःच्या हातानें घडविल्याखेरीज ती त्याची होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर देणाराचा हात फार पुढें आला कीं घेणाराचा आपोआप मागें सरतो. शाळेंत पस्तीस वर्षें खडू झिजविल्यानें हें आम्हांस ठाऊक होतें. पण स्त्रियांसाठीं चालणाऱ्या एका नव्या तऱ्हेच्या वर्गांची पद्धति पाहिल्यावर तें अधिकच पटलें. त्या वर्गांविषयीं, आणि विशेषतः तेथें विनावेतन शिकविणाऱ्यांविषयीं, चार शब्द वाचकांपुढें ठेवावे असा आमचा मानस आहे.

हे वर्ग संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे, म्हणजे हल्लीं घरोघर ज्यास 'कोडिंग' म्हणतात त्याचे होत. ओला सितार्स्का व ओला सेंदेत्स्का या दोन पोलिश तरुणींनीं सन २०१४ च्या जुलै महिन्यांत जर्मनीची राजधानी बर्लिन येथें असा पहिला वर्ग भरविला. पायथन नांवाच्या संगणकभाषेचे युरोपांतील जाणकार दरवर्षीं एकत्र जमतात, त्या संमेलनाचें निमित्त त्यांनीं साधलें. वर्गास नांव दिलें 'जँगो गर्ल्स'. पायथन ही भाषा सन १९९१ मध्यें लोकांपुढें आली. जँगो हें त्या भाषेंत रचलेलें, संकेतस्थळें बांधण्याचें साहित्य होय. अमेरिकेच्या कान्सास राज्यांतील लॉरेन्स गांवीं, एका वर्तमानपत्राच्या कचेरींत त्याचा जन्म झाला आणि सन २००५ मध्यें तें सर्वांस मोफत खुलें करण्यांत आलें. बर्लिनच्या वर्गाचे पाठही तसेच सर्वांस खुले ठेवल्यामुळें पुढें नाना देशांतील शहरीं असे वर्ग भरूं लागले.

वर्ग एका दिवसाचा. फी नाहीं, पूर्वज्ञानाची अट नाहीं. फळ्यापुढें उभें राहून कोणी व्याख्यान झोडीत नाहीं. प्रत्येकीपुढें संगणक व लिहून ठेवलेले पाठ असतात. ते आपापल्या गतीनें वाचावयाचे, त्याबरहुकूम करावयाचें आणि सायंकाळपर्यंत स्वतःचें एक लहानसें संकेतस्थळ उभें करावयाचें. दोघी-तिघींमागें एक मार्गदर्शक बसतो. हे मार्गदर्शक पुरुषही असतात, स्त्रियाही असतात. बहुतेकांचा हाच पोटापाण्याचा धंदा. पण त्या दिवशीं ते आपला सुटीचा वार या कामास देतात.

आतां मार्गदर्शकानें करावयाचें काय? ऐकून नवल वाटेल, पण त्याचा पहिला धर्म न करण्याचा आहे. शिकणारीच्या कळफलकास त्यानें हात लावावयाचा नाहीं. चूक दिसली तरी ती झटकन् दुरुस्त करून मोकळें व्हावयाचें नाहीं. हा नियम वाचतांना क्षुल्लक वाटतो. पाळूं गेलें म्हणजे त्याचा कस कळतो.

आमच्याच घरचें उदाहरण सांगतों. आमच्या सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर. लग्नानंतर बारा वर्षें घर व मुलें यांतच गेलीं. त्यांनीं हे पाठ दुपारच्या निवांत वेळीं वाचावयास घेतले. आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्याच धंद्यांत आहे. तो सुटीस आला असतां त्यास एक अडचण विचारली. त्यानें "वहिनी, सोपं आहे हो!" असें म्हणून यंत्र आपल्याकडे ओढलें, बोटें चालविलीं आणि दोन पळांत सारें सुरळीत केलें. सूनबाई क्षणभर पडद्याकडे पाहात राहिल्या व म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं काम झालं, पण मला काय आलं?" पुतण्या शहाणा, म्हणून ओशाळला. दुसऱ्या दिवशीं दोन्ही हात पाठीमागें बांधून शेजारीं बसला व एवढेंच म्हणाला, "पडद्यावर काय लिहिलंय तें मोठ्यानं वाचा." पाव घटका गेली. एका ओळीच्या शेवटीं अपूर्णविराम द्यावयाचा राहिला होता, तो सूनबाईंनीं स्वतः हुडकून काढला. ती चूक त्यांच्याकडून पुन्हां व्हावयाची नाहीं, आणि झाली तरी त्या भ्यावयाच्या नाहींत.

येथें या विद्येची थोडी प्रकृति सांगितली पाहिजे. यंत्र अक्षरशः सांगितलेलें करतें. भाव ओळखून घेत नाहीं. एक विसर्ग गळला तर संस्कृत जाणणारा वाचक संदर्भानें तो जागेवर मानतो. यंत्र मानीत नाहीं. परंतु ओळ लक्षांत आली नाहीं, तर कोणत्या ओळीपाशीं अडलें हें तें लिहून कळवितें. नवख्या बाईस ती सूचना रागें भरल्यासारखी वाटते व आपण कांहींतरी मोडलें अशा समजुतीनें ती हात काढून घेते. ती सूचना म्हणजे धमकी नव्हे, पत्ता आहे, हें उमजविणें हेंच मार्गदर्शकाचें निम्में काम. दुसरें, शिकणारीस जें अगोदर येतें त्याचा धागा धरून पुढें नेणें. पायथनमध्यें एका ओळींत अट घालतात व तिच्या अंमलाखालील ओळी थोड्या आंत सरकवून लिहितात. सरकविणें थांबलें कीं अंमल संपला. पाणिनीच्या अष्टाध्यायींतील अधिकारसूत्राचें स्मरण झाल्यावर हें आम्हांस तत्काळ उमगलें. ज्यांनीं पाणिनि वाचला नाहीं, त्यांस वाणसामानाच्या यादींतलें उदाहरण चालेल: 'उपासाचें' असा मथळा घालून खालीं साबुदाणा, दाणे, वऱ्याचे तांदूळ लिहितोंच कीं नाहीं? तिसरें, 'सोपें आहे' हे शब्द तोंडांतून काढूं नयेत. जें सोपें तेंही मला जमत नाहीं, असा त्यांचा अर्थ ऐकणारीच्या मनांत उतरतो.

कोणी विचारील कीं, स्त्रियांसाठीं हा वेगळा वर्ग कशास? विद्येस काय स्त्री-पुरुषभेद आहे? विद्येस नाहीं, हें खरें. पण संधीस असतो. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें तयार झालेला एनिॲक नांवाचा प्रचंड गणकयंत्र सन १९४६ च्या फेब्रुवारींत लोकांस दाखविण्यांत आला. त्याची गणितें बसविणाऱ्या सहा स्त्रिया होत्या. शिकावयास पुस्तक नव्हतें. यंत्राचे नकाशे पाहून त्यांनीं तें काम साधलें. तरी त्या प्रदर्शनाच्या वेळीं त्यांची ओळख कोणी करून दिली नाहीं, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांचीं नांवें अंधारांतच राहिलीं. जें काम आरंभीं स्त्रियांनीं केलें, तेंच स्त्रियांच्या बुद्धीपलीकडचें अशी समजूत मागाहून रूढ झाली.

आपल्याकडील उदाहरणही दूरचें नाहीं. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हां त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. न्यायमूर्तींनीं घरींच शिकविण्यास आरंभ केला आणि घरांतील वडील बायकांचा रोष त्यांस सोसावा लागला. ती हकीकत त्यांनीं सन १९१० च्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकांत सांगितली आहे. पुढें पुण्याच्या सेवासदनांत, जे सन १९०९ मध्यें सुरू झालें, प्रौढ स्त्रियांस शिकण्याची सोय झाली. पोरवयाच्या मुलांत बसून धडे गिरविण्याचा संकोच ज्या बाईस वाटतो, तिला आपल्यासारख्याच चौघींत बसलें म्हणजे प्रश्न विचारण्याचा धीर येतो. वेगळ्या वर्गाचें कारण एवढेंच.

एका दिवसांत कोणी या विद्येंत निष्णात होत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. उपजीविकेइतकी ती येण्यास महिनोन् महिने अभ्यास हवा. एका दिवसांत दोनच गोष्टी होतात: मनांतलें भय जातें, आणि पुढें अडल्यास विचारावयास एक माणूस मिळतें. पण ज्या घरांत 'तुला नाहीं कळायचं तें' हें वाक्य वर्षानुवर्षें सहज बोललें जातें, तेथें या दोन गोष्टी थोड्या नव्हेत.

म्हणून आमचीं दोन मागणीं आहेत. ज्या मुलां-मुलींस ही विद्या येते, त्यांनीं वर्षांतून एक रविवार अशा वर्गास द्यावा. जवळपास तसा वर्ग नसेल, तर घरांतील आई, वहिनी, आत्या यांच्यापासून आरंभ करावा. मात्र हात आंखडता ठेवून. आणि घरांतील वडील मंडळींनीं 'खुशाल जा' एवढ्यावर भागवूं नये. सूनबाईनें दुपारचा स्वयंपाक उरकून, मुलांच्या वेण्या घालून, पाहुण्यांची सोय लावून मगच निघावयाचें असेल, तर तिची निम्मी शक्ति उंबऱ्यांतच संपेल. त्या दिवशीं पिठलें-भात आपण करावा. भाताला थोडी करप लागली तरी चालेल. आणि ती सायंकाळीं परतल्यावर 'याचा उपयोग काय, नोकरी मिळणार का?' हें विचारूं नये. शेजारीं बसावें आणि म्हणावें, "काय केलंस तें दाखव पाहूं."